रस्त्याकडेचा पट्टा

"डोक्यावर पडलीस का तू? कापलेल्या पिकाचं काड तसंच ठेवून मका पेरायचा?" लख्खदादा बांधावरूनच खेकसला.

"पेरायचा नाही, टोकायचा," बायको म्हणाली. "नांगर घालायचा नाही, काड जाळायचं नाही. काठीनं भोकं पाडायची, दाणे टाकायचे, वरून काड पांघरायचं. म्हणजे खालची ओल उडत नाही. शेतीशाळेच्या ताईंनी दाखवलंय."

"आणि लोक काय म्हणतील?"

"लोकांना विचारून पेरलं होतं ना दोन वर्षं? काय हाती लागलं?"

मका तुऱ्यावर आला की ऊन असं तापायचं की ताटं उभ्या उभ्या वाळून जायची. यंदाही तसंच झालं असतं, तर नवरा-बायको दोघांनाही दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जावं लागणार होतं. तेव्हा दादानं मान डोलावली. पण मनातून तो काही राजी नव्हता.

त्याला लख्खदादा म्हणायचे ते उगीच नाही. त्याच्या शेतात गवताची काडी दिसायची नाही. स्वतःची दाढी वाढली तरी चालेल, पण शेत कसं सारवल्यासारखं हवं! येणारा-जाणारा थांबून बघायचा आणि दादाला मूठभर मांस चढायचं. त्या मांसावर पोट भरत नाही, एवढंच काय ते त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

आता त्याच शेतात काड विस्कटून पडलं होतं आणि त्यातून मक्याचे कोंब कसेबसे डोकं वर काढत होते. त्यात शेतासमोरच, रस्त्याच्या पलीकडे, न्हाव्याचं दुकान. गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावून न्हावी तिथूनच हाक मारायचा, "काय दादा! शेताची हजामत राहिली वाटतं? पाठवू का वस्तरा?" फेसासकट गिऱ्हाईक हसायचं.

दादा जेवायला बसला तरी ते हसू कानात वाजायचं.

मग बायको भावाकडे गेली, दोन दिवसांसाठी. दादानं दाताळं उचललं, खुरपं उचललं आणि रस्त्याकडेच्या सात-आठ ओळींतलं सगळं काड ओढून काढलं. ओळींमधली माती खणून भुसभुशीत केली, ढेकूळ न् ढेकूळ फोडलं. आत काय असायचं ते असो, दर्शनी बाजू तरी माणसात आली! न्हावी बाहेर येऊन म्हणाला, "आत्ता कसं!" दादा त्या रात्री ढाराढूर झोपला.

बायको परतली. तिनं पट्टा बघितला, मग नवऱ्याकडे बघितलं.

"हे काय केलंत?"

"थोडं नीटनेटकं केलं. रस्त्याकडेचं आहे ना."

"मका रस्त्यानं जाणाऱ्यांना बघायला लावलाय का हो?" एवढंच बोलून ती घराकडे निघाली. ती भांडली असती तर दादाला बरं वाटलं असतं.

पुढं पावसानं दडी मारली. आभाळ कोरडं ठाक, वारा भट्टीतून आल्यासारखा. काडाखालचा मका हिरवा राहिला. हात घातला तर माती गार लागायची. आणि दादाचा लख्ख पट्टा? माती भाजून निघाली, भेगा पडल्या, पानं सुरळी होऊन पिवळी पडली. तीही नेमकी रस्त्याच्या कडेला, सगळ्या गावाला दिसेल अशी! दादा बादल्या भरभरून पाणी घालायला लागला. न्हाव्याची गिऱ्हाइकं माना वळवून मोजत बसायची. जमीन पाणी प्यायची आणि पुन्हा तोंड वासायची.

अशात एके सकाळी शेतीशाळेच्या ताई पंधरा-वीस शेतकरी घेऊन हजर झाल्या. पट्टा बघून त्यांचा चेहरा खुलला.

"बघा, याला म्हणतात प्रयोग! दादांनी मुद्दाम एक पट्टा जुन्या पद्धतीनं ठेवला. म्हणून फरक डोळ्यांना दिसतोय. दादा, तुम्हीच सांगा."

दादानं बायकोकडे बघितलं. ती मक्याची पानं चाचपत होती. समोर न्हावीही उभा, हातात वस्तरा. पण दादाची जीभ कुठली आवरायला!

"त्याचं असं आहे," तो घसा साफ करून म्हणाला, "शेतकऱ्यानं कसं, तपासून बघितलं पाहिजे. मी आधीच ठरवलं होतं..."

"थांब," गर्दीतून एक म्हातारा पुढं आला. बांधाला बांध लागून असलेला शेजारी, सगळे त्याला काका म्हणत. "मला एवढंच सांग, पुढच्या पेरणीला मी नांगर घालू की नको? माझं एवढंच रान आहे बाबा. चुकलं तर खायचं काय?"

दादानं काकाकडे बघितलं. काकाचे डोळे त्याच्यावरच लागले होते. अशा माणसाला थाप मारायची म्हणजे त्याच्या ताटातलं काढून घेणं. लाज वाटली त्याला, चांगलीच वाटली.

"काका, प्रयोग-बियोग काही नाही," तो म्हणाला. "तो हिरवा मका हिचा. माझं ते पिवळं. न्हावी हसला म्हणून मी काड काढलं. ही घरी नसताना."

न्हावी असा हसला की वस्तरा खाली पडला आणि सगळं रान हसायला लागलं. ताईसुद्धा हसल्या.

काका मात्र खाली बसला. काड बाजूला सारून त्यानं ओली माती मुठीत घेतली, दाबून बघितली.

"ताई, राग मानू नका," तो म्हणाला. "तुम्ही तीन वेळा सांगितलंत, मला पटलं नव्हतं. सांगणं तुमचं कामच आहे. पण हा गावातला एक नंबरचा हट्टी. हा चारचौघांत हरलो म्हणतोय, म्हणजे यात काहीतरी आहे." आणि दादाला मागं टाकून तो थेट बायकोकडे गेला. "सूनबाई, भोक किती खोल पाडायचं?"

सगळे तिच्याभोवती गोळा झाले. ती आधी बिचकली, मग काठी घेऊन दाखवायला लागली.

"अहो," तिनं मध्येच मान वर करून हाक मारली, "उन्हाचे आलेत सगळे. पाणी द्या की."

दादा घागर आणि तांब्या घेऊन एकेकाला पाणी देत फिरला. सगळ्यांचं पिऊन झालं, तरी तो पुन्हा पहिल्यापासून विचारत निघाला. ती काय सांगतेय, ते त्यालाही नीट ऐकायचं होतं.