दाजींचं असली लेदर

माझे दाजी हैबतराव यांना गाडीपेक्षा गाडीच्या सीटांचा अभिमान जास्त. गाडी जुनी, पनवेलहून सेकंडहँड घेतलेली. पण विकणारा म्हणाला होता, "शेठ, सीटा असली लेदरच्या आहेत." दाजी वरसे गावचे भातशेतीवाले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी शेठ म्हटलं होतं. त्यामुळे ते वाक्य त्यांनी तपासलं नाही, जसंच्या तसं घरी आणलं आणि गावभर वाटलं.

रोह्यात माझं सीट कव्हरचं दुकान आहे. गाड्या आतून धुणं, पुसणं, उसवलेल्या सीटा शिवणं हाच माझा धंदा. मी सख्खा मेहुणा, तरी दाजींनी मला त्या गाडीला हात लावू दिला नाही. "महिपती, तू रिक्षांच्या सीटा शिवतोस. हे लेदर हाय. याला समज लागते," असं चारचौघांत म्हणाले. मला तेव्हा राग आला होता. अजूनही येतो.

गाडीचे नियम कडक होते. ओलं होऊन बसायचं नाही, भजी खायची नाहीत, आणि मासळीचं तर नावही काढायचं नाही. लेदर वास धरतं म्हणे. माझी बहीण विमलताई भर पावसात बाजारातून मासळीची पिशवी घेऊन रिक्षाने यायची आणि दारात उभ्या असलेल्या गाडीकडे बघत पाय धुवायची. एकदा ती भिजलेल्या साडीने गाडीत बसायला गेली, तर दाजींनी आधी टॉवेल अंथरला, त्यावर पेपर अंथरला, आणि वर म्हणाले, "गो, जरा अधांतरी बस." ताई उतरली ती पुन्हा त्या गाडीत चढली नाही. वर्ष झालं त्याला.

दर रविवारी दाजी मोबाइलवर व्हिडिओ लावून सीटांना क्रीम चोळत. लेदरला क्रीम लागतं हे खरं, नाहीतर ते तडकतं. पण खरं लेदर क्रीम पितं. हे पीत नव्हतं. दाजींना वाटलं क्रीम कमी पडतंय, म्हणून ते आणखी लावत, आणि क्रीम संपलं की ताईचं खोबरेल. त्याने सीटा इतक्या गुळगुळीत झाल्या की मागे बसलेला माणूस वळणावर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत फिरून यायचा. कोलाडच्या वळणावर शेजारचे केरूआण्णा सरकत गेले ते थेट स्वतःच्या बायकोच्या, कृष्णाबाईंच्या मांडीवर बसले. इतक्या वर्षांच्या संसारात असं काही घडलेलं नसल्याने कृष्णाबाई आठवडाभर लाजून बाहेर पडल्या नाहीत. दाजी म्हणाले, "असली लेदर असंच असतं."

आणि मग गणपती आले.

दाजींच्या घरचा गणपती पेणचा, पिढ्यान्‌पिढ्या एकाच कारखान्यातला. अलीकडे तो यायचा भावकीतल्या दत्तात्रेयाच्या टेम्पोतून, कोंड्याच्या पोत्यांवर बसून. मागच्या वर्षी गाडी नुकतीच आली होती, दाजींचा हात बसला नव्हता, म्हणून तेव्हाही टेम्पोच. त्या खेपेला वडखळच्या खड्ड्यात टेम्पो आदळला आणि उंदराचा एक कान गेला. तो भाताच्या शिताने चिकटवून आम्ही वेळ मारून नेली, पण दाजींच्या मनाला ते फार लागलं. यंदा देव आपल्याच गाडीतून आणायचा, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

मूर्ती आणायच्या आदल्या दिवशी दाजी माझ्या दुकानात आले. "महिपती, सीटा सरकतात रं," म्हणाले. वर्षात पहिल्यांदा कबूल केलं. "देव सरकला तर?"

मी लगेच उठलो नाही. मला माझाही मान होता. पण दाजींना वडील आठवले. खाली बघत म्हणाले, "आबा एसटीतनं आनायचे मूर्ती, मांडीवर घेऊन. पाय बधिर व्हायचे त्यांचे, पन कुनाच्या हातात देत नव्हते. म्हनायचे, हैबत, एकदा आपल्या सवताच्या गाडीतनं आनू. त्यांचं राहिलं ते राहिलंच." त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मी ब्रश, बादली आणि फडकी घेऊन निघालो.

अंगणात गाडीची दारं उघडून मी कामाला लागलो. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश. घासावं तसा क्रीम-तेलाचा राप सुटत होता. तेवढ्यात विमलताई पदराला हात पुसत बाहेर आली.

"अवो," ती दाजींना म्हणाली, "देवळात जाताना कमरेचा पट्टा काढून ठेवता ना तुमी? पाकीटबी बाहेर ठेवता. मंग देवाला चामड्यावर बसवनार व्हय?"

माझा ब्रश थांबला.

"पाट ठेवू," दाजी म्हणाले.

"पाटाखाली काय?"

"घोंगडी टाकू."

"घोंगडीखाली?"

"टेम्पोच बरा," म्हणून ताई आत गेली, आणि दाजी पायरीवर बसले.

मी उगाच घासत राहिलो. मागच्या सीटच्या खालच्या कडेला शिवण उसवली होती. बोट घालून उलटून बघितलं. चामड्याची मागची बाजू लवदार असते. इथे पांढरं, विणलेलं कापड होतं. मी पुढच्या सीटाही उलटून पाहिल्या. तेच कापड. मला इतका आनंद झाला की मी दोनदा खोकलो.

"दाजी, देव बसवा खुशाल," मी म्हणालो. "चामडं नाहीच हे. रेक्झिन आहे. माझ्या रिक्षांना लावतो तेच."

मला वाटलं ते उडी मारतील. ते उठले आणि त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोल! गावानं ऐकलं तर मला जगू देतील का?"

"ताईला तरी सांगा."

"तिला सांगितलं तर कृष्णाबाईला कळंल. मंग राहिलं काय? जाऊ दे. देव टेम्पोतनं येऊ दे." एवढं बोलून ते गोठ्याकडे गेले. गोठ्यात त्यांचं काही काम नव्हतं.

सकाळी दत्तात्रेय टेम्पो घेऊन दारात हजर. ताईनेच निरोप धाडला होता. आणायला निघणारी माणसं जमली, केरूआण्णा आले, कृष्णाबाई आल्या. "हैबत," दत्तात्रेय खिदळत म्हणाला, "तुझं लेदर ठेव झाकून. देवाला आमचीच पोती." टेम्पोत आदल्या दिवशी बकऱ्या नेल्या होत्या, हे नाकालाच कळत होतं. त्याने पायाने लेंड्या बाजूला सारल्या आणि त्या जागी देवाचा पाट ठेवला.

दाजी पाटाकडे बघत होते.

"उचल तो पाट!" ते एवढ्याने ओरडले की कोंबड्या पळाल्या. "माझ्या गाडीतनं येनार देव! रेक्झिन हाय ती! पुढची रेक्झिन, मागची रेक्झिन, अख्खी गाडी रेक्झिन! चामड्याचा तुकडा नाय तिच्यात! फसवलं मला पनवेलवाल्यानं! महिपतीला इचारा!"

आणि त्यांनी स्वतःच तो पाट उचलून छातीशी धरला. मग कृष्णाबाई हसल्या, आणि त्यांच्या मागून सगळं अंगण हसलं. मलाही रिक्षांच्या सीटांवरून दोन शब्द सुनवायचे होते, वर्षभर जपून ठेवले होते. पण दाजींनी छातीशी धरलेला तो पाट बघून माझ्याने बोलवेना.

विमलताई मात्र हसली नाही. तिने पाट त्यांच्या हातून घेतला, मागच्या सीटवर नीट मांडला आणि स्वतः त्याच्या शेजारी जाऊन बसली.

पेणहून येताना दाजींनी गाडी इतकी सावकाश आणली की सायकलवाले पुढे जाऊन मागे वळून बघत होते. वडखळचे खड्डे गेले, कोलाडचं वळण गेलं. रुमालाने तोंड झाकलेला देव जागचा हलला नाही. घरी उतरवल्यावर दाजींनी आधी उंदीर तपासला. दोन्ही कान शाबूत होते. मग ते देवापुढे बसून लहान मुलासारखे रडले, आणि आबांचं नाव घेतलं.

आमच्यात गौरीला तिखटाचा, म्हणजे मासळी-मटणाचा नैवेद्य असतो. त्या दिवशी सकाळी ताई गाडीजवळ जाऊन उभी राहिली. "चला, बाजारात," म्हणाली. येताना तिच्या हातात धरमतरच्या चिंबोऱ्यांची पिशवी होती, पाणी गळणारी. ती तिने पुढच्या सीटवर, स्वतःच्या मांडीशी ठेवली. एका खेकड्याची नांगी पिशवीतून बाहेर आली आणि सीट चाचपू लागली. दाजींचा हात सवयीने पेपर शोधायला गेला. मी मागे बसून सगळं बघत होतो.

"पुसलं की जातं," ताई म्हणाली. "रेक्झिन हाय."

"तुला आता कळलं, म्हनून बोलतेस."

"आता?" ताईने पदर सावरला. "गेल्या पावसाळ्यात तुमच्या चामड्याच्या चपलांना ही एवढी बुरशी आली. पट्ट्याला आली. पाकिटाला आली. सीटांना कुठं आली? मला तवाच ठावं झालं."

"मंग बोलली का नाय गो?"

"तुमी मला अधांतरी बसवलं व्हतं ना," ताई म्हणाली. "म्हटलं, बसू दे यांनाबी वरीसभर."

दाजींनी गुपचूप गाडी सुरू केली. वळण आलं, चिंबोऱ्यांची पिशवी त्यांच्याकडे कलंडली, तेव्हा त्यांनी एका हाताने ती धरली आणि घरापर्यंत तशीच धरून ठेवली.