मर्जीने गेल्या

शिलाईच्या त्या कारखान्यात तिला सगळ्या 'मास्तरीण' म्हणत. नवी मुलगी कामाला लागली की तिला मास्तरणीच्या शेजारच्या मशीनवर बसवत. कॉलर कशी वळवायची, सुई तुटली तर डोळे कसे सांभाळायचे आणि लाइनवर कुणी ओरडलं तर रडायला कुठे जायचं, हे सगळं मास्तरीण शिकवी. (मागच्या नळापाशी. तिथून आवाज येत नाही.) वयाने ती काही मोठी नव्हती. पण बोलणं हळू आणि मोजकं, त्यामुळे तिच्यापुढे वयाने मोठ्या बायकाही जरा जपून बोलत.

तिची धाकटी बहीण त्याच लाइनवर जाकिटांना खिसे जोडायची. नोकरीत कायम व्हायची वेळ जवळ आली, आणि तिला नि तिच्याबरोबर लागलेल्या सगळ्या मुलींना ऑफिसात बोलावणं आलं. परदेशात शिलाई स्वस्त पडते, माल घेणारी कंपनी तिकडे वळते आहे, आमचा नाइलाज आहे, असं सांगून एकेकीची कागदावर सही घेतली. मी माझ्या मर्जीने काम सोडत आहे, असं त्यावर आधीच छापलेलं होतं.

"आणि तू सही ठोकलीस?" मास्तरणीने घरी विचारलं.

"सगळ्यांनी केली, ताई. त्यांनी पेन इतकं प्रेमाने पुढे केलं ना, नाही म्हणायला तोंडच उघडेना."

'त्यांनी' म्हणजे कारखाना सांभाळणाऱ्या गोडसाहेबांनी. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बोलणं सगळं साखरेत घोळलेलं. कुणाचा गळा कापायचा असला तरी आधी "बसा, पाणी घ्या" म्हणतील.

मास्तरीण रोज कामावर निघण्याआधी हात जोडायची आणि शेवटी म्हणायची, 'कुणाचं वाईट होऊ नये.' आईने लावलेली सवय. त्या दिवसापासून तिने तेवढं एक वाक्य गाळलं. देवाशी खोटं कशाला बोलायचं?

थोड्याच दिवसांत गोडसाहेबांनी तिलाच बोलावलं.

"बसा बाई, पाणी घ्या. परदेशच्या कंपनीची पाहुणी येतेय तपासणीला. आमच्या कारखान्यातून माणसं नोटीस न देता काढली का, हे बघायला. असं काही सापडलं तर मला वरून विचारतील हो. प्रत्येकीला एकेकटी बोलावून विचारणार आहे ती."

"मग?"

"मग काय, मुली आपल्या मर्जीने गेल्या, एवढंच सगळ्यांनी सांगायचं. तुम्ही शिकवलंत की पक्कं बसतं. आणि हे नीट पार पडलं की तुमच्या धाकटीला परत घेतो. शब्द माझा."

मास्तरणीच्या पोटात आशा हलली, खोटं कशाला सांगा. घरी जाऊन तिने धाकटीला सांगितलं, तेव्हा त्या पोरीने आनंदाने तिच्या गळ्याला मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी मास्तरीण दोऱ्याची रिळं आणायला मागच्या गोदामात गेली. तिथे लाकडी खोकी रचून ठेवलेली. एका खोक्याचं झाकण अजून ठोकायचं होतं. आत धाकटीचं मशीन. चाकाला धाकटीने बांधलेली निळी चिंधी तशीच होती. खोक्यावर काळ्या रंगात दुसऱ्याच देशातल्या बंदराचं नाव.

म्हणजे बसवणार कशावर होते तिला? गोडसाहेबांच्या जिभेवर?

ती रिळं घेऊन जागेवर आली. शिलाई एका रेषेत चालू होती. आत मात्र काहीतरी शांतपणे पेटलं, आणि तिने ते विझू दिलं नाही.

डब्याच्या सुट्टीत तिने तोफेला गाठलं. तोफ म्हणजे बटणं लावणारी. केस मुलासारखे कापलेले आणि तोंडाचा दांडपट्टा कायम चालू.

"खरं सांगून टाकू या सरळ," तोफ म्हणाली. "काय फासावर चढवतील?"

"मागच्या तपासणीला तू खरं तेच सांगितलं होतंस ना?"

"हो! संडासाला कुलूप घालतात म्हणून सांगितलं. तर तो दुभाष्या त्यांच्याच पदरचा. मी बोंबलतेय, आणि तो तपासणाऱ्या बाईला सांगतोय की ही म्हणते इथला चहा छान असतो. ती बया माझ्याकडे बघून गोड हसली! नंतर ड्रायव्हरने सांगितलं मला, त्याला येते ती भाषा."

"तेच म्हणते मी. आपले शब्द तिच्यापर्यंत पोचतच नाहीत." मास्तरीण हळू आवाजात म्हणाली. "मग जे पोचतं तेच देऊ."

"काय पोचतं?"

"डोळे आहेत की तिला. कानही आहेत."

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. उजवा हात वर न्यायचा. केस कानामागे सारायचे. उसासा सोडायचा. मग मान डावीकडे कलती करून म्हणायचं, "अहो, मुली आपल्या मर्जीने गेल्या. आता बघा ना, त्यांचंही चांगलंच झालं." 'बघा ना'वर हसायचं. आधी नाही, नंतर नाही.

"उसासा लांबला तुझा," मास्तरीण म्हणे. "परत."

पोरी कंटाळल्या, मग मागच्या नळापाशी तिने त्यांना सगळा बेत सांगितला, तेव्हा खुदखुदायला लागल्या, आणि मग चवताळून शिकल्या. त्यातल्या प्रत्येकीची कुणी ना कुणी मैत्रीण त्या मर्जीने गेलेल्यांत होती. एकीने मात्र विचारलं, "मास्तरीणबाई, आपलं काम गेलं म्हणजे?"

"गोदामात जाऊन खोकी बघून ये. आणखी रिकामी आणून ठेवलीत. ती कुणासाठी आहेत?"

मुलगी बघून आली. त्यानंतर उसासा तिचाच सगळ्यांत सुरेख जमू लागला.

एकदा गोडसाहेब मुद्दाम पाहायला आले. सगळ्यांनी एका दमात म्हणून दाखवलं. साहेब हरखले. "शाब्बास! एका अक्षराचाही फरक नको. जी चुकेल ती पुढची, लक्षात ठेवा."

"ऐकलंत ना गं?" मास्तरीण मुलींना म्हणाली. "एका अक्षराचाही फरक नको."

पाहुणी आली. पिकलेल्या केसांची, साध्या बुटांतली बाई. कापड बेतायच्या खोलीत टेबल लावलं होतं. तिच्या शेजारी दुभाष्या, भिंतीला टेकून गोडसाहेब. एकेकीला आत पाठवायला दारात मास्तरीण उभी होती.

पहिली गेली. हात, केस, उसासा, हसू. पाहुणीने मान डोलावून लिहून घेतलं. दुसरी गेली. पाहुणीने लिहिलं. तिसरीच्या उसाशाला पाहुणीचं पेन थांबलं. दुभाष्या आपला भाषांतर करतोच आहे, आणि बाई त्याच्याकडे बघतच नाहीत, बघताहेत त्या मुलीच्या हाताकडे. चौथीचा हात वर जायला लागला तशी पाहुणीने तिच्याबरोबर स्वतःचा हात वर नेला, केस कानामागे सारले आणि नेमक्या वेळी उसासा सोडला.

मुलगी दचकली, पण शब्द चुकली नाही.

गोडसाहेबांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "एवढ्या पुरे, मॅडम दमल्या असतील," ते दुभाष्याला म्हणाले. पाहुणीने बोट वर करून आणखी एक मागितली. मास्तरणीने तोफेला आत सोडलं.

तोफेच्या डोक्याला मागे सारायला केसच नव्हते. तरी तिने ते सारले, सावकाश, अगदी मनापासून. पाहुणीने वही मिटली. बोटाने दुभाष्याला दार दाखवलं आणि मोबाइल टेबलावर उभा केला. त्यातून दुसराच कुणी, आपल्याच भाषेत, बोलू लागला.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं, असं विचारताहेत."

"मी," मास्तरीण दारातून म्हणाली. "साहेबांनी सांगितलं तसं. हवं तर त्यांना विचारा, एका अक्षराचा फरक केलेला नाही."

"बाई, अहो..." गोडसाहेबांचा आवाज पहिल्यांदाच कोरडा निघाला.

"चुकलं का कुठे, साहेब? सांगा ना, परत म्हणून घेते."

साहेबांनी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून स्वतःच तोंडाला लावला. मास्तरीण ते बघत राहिली. तिला दया यायला हवी होती. आली नाही.

"ज्या गेल्या, त्यांना भेटता येईल का?" मोबाइलमधला आवाज म्हणाला.

"फाटकाबाहेरच उभ्या आहेत. सकाळपासून."

धाकटी सगळ्यांच्या पुढे होती. आधी तिने कागदाचं सांगितलं, मग पाहुणीला गोदामात नेऊन निळी चिंधी दाखवली.

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. बरीचशी खोकी पुढे परदेशी गेलीच. पण निळ्या चिंधीचं मशीन आणि त्याच्या ओळीतली आणखी काही बाहेर काढली, मुलींना परत घ्यावं लागलं, आणि यापुढे नोटिशीशिवाय कुणाला काढायचं नाही असं वरून बजावून आलं. गोडसाहेबांनाही वरून बोलावणं आलं. त्यांनाही बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि एक छापील कागद पुढे सरकवला.

जायच्या दिवशी ते फाटकाशी मास्तरणीची वाट बघत होते. "बाई, तुमचं ऐकतात हो आता वरचे. माझ्यासाठी एक शब्द टाका. मुलं शिकताहेत माझी."

"माझी बहीणही शिकतच होती, साहेब. खिसे जोडायला," मास्तरीण हळूच म्हणाली आणि आत गेली.

नव्या साहेबांनी पहिल्याच दिवशी लाइनवरून फेरी मारली. "आधीचे साहेब एकाएकी कसे काय गेले हो?" त्यांनी सहज विचारलं.

मास्तरणीने मान वर केली नाही, कॉलर वळवत राहिली. पण लाइनभर उजवे हात वर गेले. बिनकेसांच्या तोफेचाही गेला.

"अहो, साहेब आपल्या मर्जीने गेले. आता बघा ना, त्यांचंही चांगलंच झालं."