बाळंतिणींचा वॉर्ड

वेदिकाने बाळाच्या पाठीखाली तळवा सरकवला आणि चटका बसावा तसा बाहेर काढला. मग पुन्हा घातला. अंगावर घामाचा टिपूस नव्हता. दुपट्यात, त्यावर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात आणि हनुवटीखाली घट्ट गाठ मारलेल्या टोपऱ्यात ती एवढीशी पोर तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखी तापली होती.

"गुंजन, ही शेवटची कधी प्यायली?"

गुंजन कुशीवर वळली. तिचे केस कपाळाला चिकटले होते. "सकाळी. मग झोपूनच आहे, ताई. उठवलं तर तोंडच नाही उघडून राहिली."

वेदिकाने बाळाच्या तळपायावर टिचकी मारली. पाय किंचित हलला आणि पुन्हा सैल पडला.

लाईन दुपारच्या आधीच गेली होती. खिडकीतला कूलर बंद होता आणि त्याच्या कोरड्या पडलेल्या वाळ्याचा नुसता वास येत होता. बाकीच्या खाटांवरच्या बायका पदराने वारा घेत पडल्या होत्या. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं आणि पारशिवनीच्या पलीकडच्या या गावात त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

गुंजन ही वेदिकाच्या धाकट्या भावाची, ऋषीची बायको. पहिलं बाळंतपण माहेरी असतं म्हणून ती इकडे आली होती, आणि वेदिका बाळ बघायला आज नुकतीच पोचली होती. ऋषीने नागपुरात एसीची खोली असलेलं हॉस्पिटल बघून ठेवलं होतं. पण गावातच सरकारी दवाखाना होता आणि त्या दवाखान्याचा आराखडा वेदिकाने काढलेला होता. "तिथेच होऊ दे," ती ऋषीला म्हणाली होती. "नागपूरच्या कुठल्याही बंद खोलीपेक्षा माझा वॉर्ड बरा."

तिचा त्यावर खरोखरच विश्वास होता. वॉर्डाची पश्चिमेची भिंत तिने जाड बांधायला लावली होती आणि तिच्यात खालपासून वरपर्यंत लाकडी झडपा ठेवल्या होत्या. दिवसा त्या मिटायच्या, म्हणजे तापलेली लू आत येत नाही. दिवेलागणीनंतर उघडायच्या, म्हणजे रात्रभर वारा खेळतो, भिंती निवतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच गारवा पुरतो. वीज नसली तरी चालावं, असा तो सगळा विचार होता. उद्‌घाटनाच्या दिवशी संध्याकाळी झडपा उघडल्या तेव्हा वॉर्डभर उजेडाच्या पट्ट्या पडल्या होत्या. त्याचे फोटो एका मासिकात आले होते.

आता एकही पट्टी दिसत नव्हती. झडपांच्या फटींत गोधड्यांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, जुनी पातळं ठासून भरली होती. काही झडपांवर आडव्या फळ्या ठोकल्या होत्या. वेदिकाने भिंतीला हात लावला. भिंत गरम होती. रोजची उष्णता तिने रोज गिळली होती आणि रात्री ती बाहेर टाकायला तिला वाट ठेवलेली नव्हती.

"काकू, या झडपा रात्री कोणी उघडत नाही?"

गुंजनची आई, देवकी, खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिने असं पाहिलं, जणू वेदिकाने रात्री बाळाला अंगणात निजवता का, असं विचारलं होतं.

"बाळंतीण हाय ना जी ताई खोलीत. रातच्याले वारं येते तिकडून."

वेदिका सिस्टरना बोलवायला धावली.

शामलासिस्टरांनी बाळाच्या काखेत थर्मामीटर लावलं, पाहिलं, आणि पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा पाहिल्यावर त्या उठून खिडकीशी गेल्या आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर तालुक्याला मीटिंगला गेले होते. त्यांचं ऐकताना सिस्टर नुसतं "हो सर, हो सर" म्हणत होत्या. वेदिका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"सगळे कपडे काढायचे," फोन ठेवून सिस्टर म्हणाल्या. "साध्या पाण्याच्या फडक्याने अंग पुसायचं. दूध पाजायचं, ओढत नसली तर वाटी-चमच्याने. आणि थंड जागेत न्यायचं. खोली तापली म्हणून ही तापली असेल, तर तासाभरात ताप उतरायला पाहिजे."

"आणि नाही उतरला तर?"

"मी ॲम्ब्युलन्सला फोन लावून ठेवते," सिस्टर म्हणाल्या. "ती आत्ता दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली आहे."

वेदिकाने टोपऱ्याच्या गाठीला हात घातला, तोच देवकीने तिचं मनगट धरलं. पकड जोराची नव्हती, पण सुटतही नव्हती.

"हे नका सोडू, ताई."

"काकू, डॉक्टरांनीच सांगितलंय."

"सांगतेत ते. त्याईचं बरोबर असन." देवकीचा आवाज अगदी हलका होता. "माह्या पहिल्या पोराले मी उघडं ठेवलं होतं. असंच उकडून राहिलं होतं, म्हणून. रातच्याले वारं लागलं त्याले. पाचवीच्या आत गेलं."

तिने हे बस किती वाजता येते ते सांगावं तसं सांगितलं. गुंजन कोपरावर उठून आईकडे बघत राहिली. तिच्या आधी कोणी होतं, हे तिने आज पहिल्यांदा ऐकलं होतं.

वेदिकाचा हात तसाच थांबला. झडपा, भिंती, वाऱ्याची दिशा, याबद्दल तिला जे काही माहीत होतं त्यातलं एकही वाक्य तिला आठवेना. तिलाही तेवढीच भीती वाटत होती आणि तिची भीती देवकीच्या भीतीपेक्षा शहाणी आहे, असं तिला या क्षणी म्हणवत नव्हतं.

शेवटी गाठ गुंजननेच सोडली. टोपरं निघालं, दुपटं निघालं. उघडी पडलेली पोर पांघरुणावर हातपाय टाकून तशीच पडून राहिली. ती रडली नाही.

"रडून काहून नाही राहिली?" गुंजन म्हणाली. "आई, ही रडून काहून नाही राहिली?"

दारात मारोतराव येऊन उभे राहिले. गुंजनचे वडील. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, चेहरा उन्हाने काळवंडलेला. ते गावातून कोणाची तरी जीप घेऊन आले होते.

"चाला. नागपूरले नेऊ. इथं काही नाही हाय."

"या उन्हात नका नेऊ, काका," सिस्टर म्हणाल्या. "जीप तापलेली, रस्त्यावर लू. आहे त्या तापात आणखी भर पडेल. आधी थोडं निवू द्या तिला."

"इथं कुठं निवन?" मारोतरावांनी वॉर्डावरून नजर फिरवली. ती फिरत फिरत वेदिकावर येऊन थांबली. मग देवकीनेही तिच्याकडे पाहिलं. मग गुंजनने.

वेदिकाच्या हातातला फोन वाजला. ऋषी होता. तो नागपुरातून निघाला होता.

"ताई, तू सांग काय करायचं ते. तूच म्हणाली होतीस ना, की..."

"अंग पुसत राहा," वेदिका गुंजनला म्हणाली आणि वॉर्डाबाहेर पडली.

थंड जागा. तिने ही इमारत कागदावर इतक्या वेळा काढली होती की डोळे मिटून तिच्यातून चालत गेली असती. ती तपासणीच्या खोलीत गेली आणि भिंतीला तळवा लावला. गरम. प्रसूतीच्या खोलीची भिंत गरम. डॉक्टरांच्या खोलीत काचेतून ऊन थेट टेबलावर उतरलेलं. व्हरांड्यात पाऊल ठेवताच लूचा झोत तोंडावर आला आणि ती मागे सरली. ती जवळजवळ धावत होती. प्रत्येक भिंतीला हात लावायचा, आणि काढायचा. आपणच बांधलेल्या इमारतीत एका तान्ह्या पोरीपुरती गार जागा नाही, हे तिला हळूहळू कळत होतं. वॉर्डातून काही ऐकू येतंय का म्हणून ती मध्येच थांबली. काहीच ऐकू येत नव्हतं. तेच जास्त वाईट होतं.

पॅसेजच्या टोकाला एक दार होतं. नुसती कडी लावलेली. तिने ती काढली आणि आत पाऊल टाकलं.

अंधार होता. चेहऱ्याला गारवा लागला. विहिरीच्या पायऱ्या उतरताना लागतो तसा. तिने भिंतीला हात लावला. मग दोन्ही हात लावले. या खोलीची एकही भिंत उन्हाला लागत नव्हती. तीन बाजूंना दुसऱ्या खोल्या होत्या, चौथीला पॅसेज. अगदी वर, शेजारच्या खोल्यांच्या छपरांहून उंच, छताला चिकटून, दोन लहानशा जाळ्या होत्या. त्यांतून आलेला वारा वरच्यावर निघून जात होता, खाली कोणाच्या अंगावर येत नव्हता. जमिनीवर खोक्यांची चळत होती. तिने ती पायाने भिंतीकडे ढकलली.

बाळाला देवकीने उचलून आणलं. ती उंबरठ्याशी क्षणभर थांबली, वरच्या जाळ्यांकडे बघितलं, अंधाराकडे बघितलं. मग आत येऊन जमिनीवर बसली. मारोतरावांनी खाटेवरची गादी आणून अंथरली. गुंजन भिंतीला टेकून बसली. सिस्टरनी पाण्याचं भगुणं ठेवलं.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते वेदिकाला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. देवकी फडकं बुडवून पिळायची आणि तिच्या हातात द्यायची. ती कपाळ, काखा, पोट पुसायची. पोरीची छाती भराभर हलायची आणि मध्येच थांबायची. तेवढ्यात वेदिकाचाही श्वास थांबायचा. तान्ह्या बाळांचा श्वास असाच असतो, असं सिस्टर सांगत होत्या. ते तिला ऐकू येत होतं. पण प्रत्येक थांबण्यावर तिला वाटायचं, हे शेवटचं. चमच्याने घातलेलं दूध ओठाच्या कोपऱ्यातून गळून गेलं. गुंजनने ते पुसलं आणि पुन्हा चमचा लावला.

"गिळ ना वं माय," देवकी पुटपुटत होती. "गिळ."

फडकं देता-घेता दोघींची बोटं एकमेकींना लागत होती. देवकीची बोटं बर्फासारखी गार पडली होती.

कधीतरी पोरीच्या कपाळाला आठी पडली. मग तोंड वाकडं झालं. मग एक बारीक, चिरका, रागावलेला आवाज निघाला. त्या काळोखात कोणीच हललं नाही. जणू हलल्याने तो थांबला असता. पोर आणखी जोरात रडली. गुंजनने तिला छातीशी घेतलं. पोरीने दोनदा तोंड फिरवलं, आणि तिसऱ्यांदा ओढायला लागली.

सिस्टरनी थोड्या वेळाने थर्मामीटर लावलं. "उतरतोय," त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. "डॉक्टर येऊन बघतीलच. पण उतरतोय."

वेदिकाने ऋषीला फोन लावला. तिला एवढंच बोलता आलं, "प्यायली." देवकी भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते, पण आवाज येत नव्हता. गुंजनने एक हात बाळाखाली ठेवून दुसरा आईच्या पाठीवर ठेवला.

दारात सावली पडली. वॉर्डातली एक बाई बाळ छातीशी धरून उभी होती, मागे तिची सासू.

"इथं जागा हाय काय जी?" सासूने विचारलं. "आमचंही लय तापून राहिलं."

देवकीने डोळे पुसले आणि सरकून जागा केली. त्यांच्या मागोमाग आणखी एक आली. मग आणखी एक. ज्यांची बाळं तापली नव्हती, त्याही आल्या. गाद्या पसरायला जमीन पुरेना, तेव्हा वेदिका आणि सिस्टर खोकी बाहेर काढू लागल्या. एवढ्यात लाईन आली. वॉर्डातला कूलर घरघरत सुरू झाल्याचं सगळ्यांना ऐकू आलं.

"कूलर लागला," सिस्टर दारातून म्हणाल्या. "ज्यांना जायचं त्या जा."

कोणी उठलं नाही. आत बायका हळू आवाजात बोलायला लागल्या होत्या. कोणाचं पहिलं, कोणाचं दुसरं, कोणत्या गावची. वेदिका खोकी उचलून रिकाम्या वॉर्डात नेऊन ठेवत होती, कूलरसमोर, खाटांवर.

ती शेवटचं खोकं घ्यायला आली तेव्हा देवकी दाराशी उभी होती. नातीवर तिने एकच पातळ दुपटं टाकलं होतं. टोपरं नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "ही खोली तुमी कोणासाठी बांधली होती?"

तिच्या विचारण्यात टोचणी नव्हती. खोली आवडली, की माणूस विचारतं तसं तिने विचारलं होतं. वेदिकाने खोकं उचललं. ते सलाईनच्या बाटल्यांचं होतं, जड होतं.

"औषधांसाठी," ती म्हणाली. "उन्हाळ्यात खराब होतात ती."

"हं," देवकी म्हणाली. "होत असतीन."

मग पॅसेजमधला उजेड पोरीच्या डोळ्यांवर येऊ नये, म्हणून तिने आतून दार हळूच लोटून घेतलं.