पुनमच्या पाकिटातल्या गोळ्या

पुनमला सहावा महिना लागला तशी गावची आशा कार्यकर्ती कांता घरी येऊन कॅल्शियमच्या गोळ्या देऊन गेली. सासू नीलाबाई ओसरीवर मोहफुलं निवडत होती. कांता फाटकाबाहेर पडताच ती म्हणाली, "ह्या गोळ्यांनं पोराचे हाडं टणक होते. मंग बाई मोकळी होत नाई, पोट फाडा लागते. नोको खाऊ."

तरी पुनम गोळ्या घेऊ लागली. थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं, आपण खातो त्याहून पाकीट लवकर संपतंय. नवरा अंकुश मोहर्लीला जंगल सफारीच्या जिप्सीवर ड्रायव्हर. तो क्वचितच घरी, पोंभुर्ण्याकडे यायचा. घरात दोघीच.

मग तिला चैन पडेना. सासूने वाढलेली मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजीही ती आधी हुंगून पाही. पाकीट तिने तांदळाच्या डब्यात लपवलं, तरी गोळ्या कमी झाल्याच. म्हातारी आपल्या लेकराच्या मुळावर उठली आहे, असं तिने मनाशी धरलं. माहेरी निघून जायचंही ठरवलं; पण आधी चोरी पकडायची होती.

एका दुपारी पाण्याला जाते सांगून ती निघाली आणि कुंपणाआडून परत फिरली. नीलाबाई मागच्या अंगणात भिंतीला टेकून उभी होती. तळहातावर पांढरी गोळी. आता फेकेल, असं वाटत असतानाच म्हातारीने ती तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायली.

"आई! हे काय करून राह्यल्या तुमी?"

नीलाबाई दचकली. "दिवाळीत नुसती घसरली तं मनगट मोडलं न माहं. डॉक्टर म्हने हाडं पोकळ झाले, ह्याच गोळ्या खा. मी फेकून देल्ल्या. आता कंबर उठू देत नाई. तुले नोको खाऊ म्हटलं, मंग तुलेच कोन्या तोंडानं मागू?"

"तुमच्या हाडाले चालते, अन् माह्या लेकराच्या हाडाले नाई?"

"पह्यल्या खेपेले मी अडली होती, पोरी. लेकरू गेलं. तुयासाठी भेव वाटते मले."

पुनमचा राग गेला नाही, पण तिने सासूचा हात धरला आणि तिला तशीच कांताकडे नेलं.

"गोळीनं पोराचे हाडं टणक होऊन बाई अडत नाई, नीलाबाई," कांता म्हणाली. "त्याले कॅल्शियम लागतेच. खान्यातून नाई भेटलं तं मायच्या हाडातून घेते. अन् पाळी गेल्यावर बाईचे हाडं लवकर झिजते. तुमाले दोघींलेही पायजे."

"तू हाडात जाऊन पाह्यलं काय?" नीलाबाईने विचारलं. तरी कांताने दवाखान्यातून तिच्यासाठी आणून दिलेलं पाकीट तिने घेतलं, सुनेच्या पाकिटाशेजारी धरून दोन्ही निरखली आणि मगच पदरात बांधलं.

पावसाळ्यात पुनम दवाखान्यात मोकळी झाली. मुलगी झाली, आणि पुनम अडली नाही. नीलाबाई नातीच्या इवल्या पायांची हाडं बोटांनी बराच वेळ चाचपत बसली. तिची खात्री झाली की नाही, ते पुनमने विचारलं नाही.