बेटावरच्या दवाखान्याची खाट

मित्रांनो, मी खडकटेकच्या सरकारी दवाखान्यातली लोखंडी खाट आहे. 'जुनी' हा शब्द मी स्वतःहून लावणार नाही. तो लावायला लोक बसलेलेच आहेत. "ती जुनी खाट मोडीत घाला," हे मी इतक्यांदा ऐकले आहे की आता मला त्याचा राग येत नाही, हसू येते. मोडीत घालायला आधी मला उचलावे लागेल. आणि मला उचलायला आलेल्यांचे काय झाले, तेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

माझा जन्म सत्तर साली सोलापुरात, गिरणीजवळच्या एका लहानशा कारखान्यात झाला. मल्लप्पा नावाच्या कारागिराने मला घडवले. चार पाय, उशापायथ्याला गजांची कठडी आणि मधे लोखंडी पट्ट्या, एवढाच माझा संसार. पांढरा रंग वाळल्यावर मल्लप्पा माझ्यावर चढला आणि त्याने दोन सणसणीत उड्या मारल्या. मी हूं की चूं केले नाही. "गट्टी अद," तो कानडीत म्हणाला, म्हणजे बळकट आहे. जन्मल्या जन्मल्या असे प्रशस्तिपत्रक किती जणांना मिळते?

तिथून मी मालगाडीने केमला आले आणि केमपासून पुढे बैलगाडीने. गाडीवाल्याने माझ्यावर कडब्याच्या पेंढ्या लादल्या. हा सरकारी माल आहे, याची त्याने काडीइतकी पर्वा केली नाही.

खडकटेक हे गाव तेव्हा भीमेच्या काठाला होते. घरे, देऊळ, शाळा, सारे खाली नदीजवळ. दवाखान्याला मात्र गावातली चांगली जागा द्यायला कोणीच तयार होईना. शेवटी टेकाच्या माथ्यावरची, जिथे गवतही धड उगवत नसे, ती जागा दिली गेली. तिथे दोन खोल्या उभ्या राहिल्या. आजारी माणसाने चढ चढून यायचे आणि वर येईपर्यंत आणखी आजारी व्हायचे, अशी सोय होती.

डॉक्टर आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी जीपने येत. बाकी सारा कारभार गोदावरीबाईंचा. त्या सोलापूरच्या, नर्सचे शिक्षण घेतलेल्या, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या लुगड्यातल्या. मुलांना लस टोचणे, विंचू उतरवणे, ताप पाहणे, कुऱ्हाडीने कापलेले पाय शिवणे, हे सगळे त्या करत. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसे ठेचलेली बोटे घेऊन यायची, उन्हाने चक्कर आलेल्या बाया यायच्या. सगळी माझ्यावरच आडवी व्हायची. मी कोणाची जात विचारली नाही, की पाय धुऊन या म्हटले नाही.

पण बाळंतपणाला कोणी येत नसे. सोजरबाई नावाची एक ठसकेबाज बाई गावात होती. तिचा शब्द साऱ्या बायकांत चाले. ती म्हणायची, "त्या खाटंवर म्हातारी माणसं मरत्यात. जित्या बाईनं तितं कशाला जायचं?" हे ऐकून मला फार वाईट वाटे. मेलेल्यांपेक्षा माझ्यावरून उठून घरी गेलेले कितीतरी जास्त होते, पण ते कोण लक्षात ठेवतो?

मग सोजरबाईचीच लेक बजा पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. मूल पायाळू होते. दवाखान्यातच ये, असे गोदावरीबाईंनी तिला आधीच सांगून ठेवले होते, आणि कळा सुरू झाल्यावर बजा आईला न जुमानता चालत टेक चढून आली. मला घट्ट धरून तिने मुलीला जन्म दिला. दोघीही सुखरूप.

दुसऱ्या सकाळी सोजरबाई जळत्या निखाऱ्यांची शेगडी घेऊन हजर. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, त्यात ओवा आणि बाळंतशोपा टाकतात, अंगाला शेक मिळतो. सुंभाच्या बाजेला ते ठीक आहे हो. पण लोखंड किती तापते, हे त्या माउलीच्या ध्यानातच आले नाही. थोड्या वेळाने बजा किंचाळत उठली, गादीला भोक पडले होते आणि माझ्या पांढऱ्या रंगाला फोड आले होते.

"हा दवाखाना आहे की भटारखाना?" गोदावरीबाई कडाडल्या.

सोजरबाईही काही कमी नव्हती. "बाई, सुई तुमी टोचा. शेक आमी देतो. लेक आमची हाय की."

शेवटी तडजोड झाली. शेगडी माझ्यापासून हातभर लांब ठेवायची आणि नुसती धुरी द्यायची. माझे फोड मात्र कायमचे राहिले. पण त्या दिवसापासून बायकांच्या लेखी मी दवाखान्याची खाट उरले नाही, बाळंतिणीची बाज झाले. आणि बाळंतीण निजली आहे तोवर तिची बाज कोणी हलवत नाही. झाडायचे असले तरी सरकवत नाहीत. पुढे कितीतरी लेकी माझ्यावर बाळंत झाल्या, पाचवी पुजून खाली घरी गेल्या. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग भीमेवर धरण झाले. सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात पाणी फुगत फुगत गावात शिरले. घरे गेली, देऊळ गेले, शाळा गेली. सरकारने पलीकडे माळावर नवे गाव वसवले. पण ज्यांची शेते टेकाच्या अंगाला होती आणि बुडाली नव्हती, त्यांना दुसरीकडे जमीन मिळाली नाही. ती घरे टेकावर चढून राहिली. चहूबाजूंनी पाणी आणि मधे आम्ही. आम्ही बेट झालो होतो.

आरोग्यखात्याच्या ऑफिसाने कागदावर पाहिले. कागदावर गाव उठले होते. म्हणून दवाखानाही उठला. गोदावरीबाईंची बदली झाली, दाराला कुलूप लागले आणि माझी गादी गुंडाळून फळीवर गेली.

त्याच पावसाळ्यात बजा दुसऱ्या बाळंतपणाला आली होती. दिवस भरायच्या आधीच तिला कळा लागल्या. बायका तिला धरून दवाखान्यापाशी आल्या, कुलूप पाहून परत फिरल्या. मी आत होते. दाराच्या दुसऱ्या बाजूला तिचे कण्हणे ऐकू येत होते आणि मला एक पाऊल टाकता येत नव्हते. कोंडीबा कोळ्याने तिला होडीत घातले. मधल्या पाण्यात वारा सुटला, होडी पुढे जाईना. पलीकडचा काठ लागण्याआधीच बजा गेली, आणि तिचे बाळही गेले.

मित्रांनो, मला रडू आले नाही. मला संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही. पाण्याचा मला राग नाही, वाऱ्याचाही नाही. मी तिथेच होते, धडधाकट होते, आणि मला कुलपात ठेवले होते.

बजाचे दिवस झाल्यावर सोजरबाई दगड घेऊन आली आणि तिने कुलूप फोडले. मग कोंडीबाच्या होडीतून ती पलीकडे गेली आणि विचारत विचारत गोदावरीबाईंच्या नव्या गावी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाई, दवाखान्याचं कुलूप म्या फोडलंय," ती म्हणाली. "आता तुमी चला, न्हाईतर मला पोलिसांत द्या."

गोदावरीबाईंनी पोलिसांत दिले नाही. साठलेली सगळी रजा टाकून त्या बेटावर आल्या, आणि रजा संपली तरी परत गेल्या नाहीत.

चोरून चालवलेला दवाखाना किती दिवस लपणार? ऑफिसातून कारकून आला. वेणीमाधव त्याचे नाव. किडकिडीत, छत्री बगलेत, पाण्याला इतका भ्यायचा की होडीची कड सोडायचा नाही. दवाखान्याचे सामान घेऊन ये, असा त्याला हुकूम होता. सामान म्हणजे एक कपाट आणि मी. पण त्या दिवशी माझ्यावर एक बाळंतीण होती. वेणीमाधव दारात थबकला. ओव्याचा धूर नाकात गेला, तशा त्याने चपला बाहेर काढल्या.

"भरती झालेल्या रुग्णाला उठवून सामान नेता येत नाही," तो स्वतःशीच पुटपुटला. "तसा नियम आहे. शिवाय बाळंतिणीची बाज... नको. ही उठली की येतो." त्याच्या हातावर डिंकाचा लाडू ठेवला गेला, आणि तो खात खात परत गेला.

ते पुटपुटणे सोजरबाईने ऐकले होते. संध्याकाळी तिने बायका गोळा केल्या. "खाट भरल्याली आसंल तर ती नेत न्हाईत," ती म्हणाली. "मग आता खाट रिकामी ठिवायची न्हाय. समद्यांनी आपापल्या लेकी बाळंतपणाला हितंच आणा, आन् सव्वा महिना उठू देऊ नका."

एकीने हळूच विचारले, "आन् बजासारकं झालं तर?"

"बजा कुलपापायी गेली," सोजरबाई म्हणाली. "खाटंपायी न्हाय. जितं लेकीला बाळंतपणाला आणता येत न्हाय, त्याला माहेर कुणी म्हणावं?"

झाले. मोहोळहून, मोडनिंबहून, केमहून लेकी येऊ लागल्या. एक उठायची वेळ झाली की दुसरी होडीत बसलेली असायची. सासरची माणसे चिडायची. मोडनिंबची एक सासू म्हणाली, "पान्यात बसल्याल्या गावाला सून धाडू व्हय?" सून म्हणाली, "आमच्या हितं खाट हाय. तुमच्यात हाय का?" हे मला तिनेच माझ्यावर पडल्या पडल्या हसत सांगितले. तेव्हा अभिमानाने माझ्या पट्ट्या करकरल्या. लोकांना वाटले, खाट जुनी झाली.

वेणीमाधव येत राहिला. कधी उन्हात, कधी पाणी चढलेले असताना. दरवेळी धूर, दरवेळी चपला बाहेर, दरवेळी लाडू. "पुढच्या खेपेला बघू," म्हणायचा आणि जायचा. त्याचे वजनसुद्धा थोडे वाढले.

पण एकोणऐंशीच्या थंडीत आमचा हिशोब चुकला. एक बाळंतीण घरी गेली आणि केमची जी यायची होती, तिला सासरच्यांनी अडवून धरले. मी रिकामी पडले. आणि नेमका तेव्हाच वेणीमाधव आला, या वेळी दोन हमाल घेऊन. ऑफिसातून त्याला चांगलेच फैलावर घेतले असावे, कारण तो कोणाकडे न बघता चढ चढत होता.

मी ठरवले होते की हमालांच्या बोटांवर पाय आदळायचा. पण ती वेळ आली नाही. सोजरबाई त्यांच्या आधी आत आली. तिने शेगडी पेटवून हातभर अंतरावर ठेवली, डोक्याला आणि कानांना फडके गुंडाळले आणि सरळ माझ्यावर आडवी झाली. साठीची बाई, सगळे केस पांढरे. गोदावरीबाईंनी तिच्याकडे पाहिले. चेहऱ्यावरची एक रेघ न हलवता त्यांनी थर्मामीटर झटकला आणि तिच्या तोंडात दिला.

वेणीमाधव दारात आला. सवयीने त्याने चपला काढल्या. मग आत पाहिले.

"आजी, हे काय चाललंय? उठा."

सोजरबाईने थर्मामीटर काढून हातात धरला. "सव्वा महिना झाल्याबिगर बाळंतीण उठत न्हाय."

हमाल हसले. वेणीमाधवलाही हसू आवरेना. "तुम्ही बाळंतीण? हे कोणाचं बाळंतपण?"

"माजी लेक हुती बजा," ती म्हणाली. "ह्याच खाटंवर बाळंत व्हायला आली हुती. तुमच्या कुलपानं तिला पान्यात धाडलं. तिचं बाळंतपण हितं व्हायचं ऱ्हायलंय. ते मी करतीया. तुमाला खाट न्यायची तर मला संगं उचला."

हमालांचे हसणे थांबले. बाहेर बायका जमल्या होत्या. त्या दारात दाटीने उभ्या राहिल्या. वेणीमाधवने छत्री एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली. मग त्याने गोदावरीबाईंना विचारले, "ताप आहे का?"

"आहे," गोदावरीबाई म्हणाल्या. थर्मामीटर त्यांनी पाहिलासुद्धा नव्हता.

वेणीमाधव हमालांकडे वळला. "चला," तो म्हणाला. "खाट रिकामी नाही. तसं वर सांगतो." त्या दिवशी त्याने लाडू घेतला नाही. जाताना वाकून सोजरबाईच्या पायांना हात मात्र लावला.

मित्रांनो, तुमच्या गावातही एखादा दवाखाना असेल, त्यात माझ्यासारखी एखादी खाट असेल. तिला हळदकुंकू वाहू नका. गंज चढला तर घासून रंग द्या, पट्टी तुटली तर सांधून आणा, आणि मुख्य म्हणजे तिच्या दाराला कुलूप लागू देऊ नका. लागलेच, तर ते फोडायला दगड कुठेही मिळतो.

सोजरबाई मग उठली नाही. दिवसचे दिवस ती माझ्यावर पडून होती. ताप आलेल्या माणसांना गोदावरीबाई खाली सतरंजीवर निजवत आणि सोजरबाई वरून त्यांना हुकूम सोडत असे. शेवटी एका दुपारी कोंडीबाची होडी काठाला लागली. केमची ती लेक भांडून, सासरच्यांना न जुमानता आली होती. पोटावर हात ठेवून ती धापा टाकत दारात उभी राहिली. सोजरबाईने कानावरचे फडके सोडले, माझ्यावरून खाली उतरली, चादर झटकून पुन्हा नीट घातली.

"ये बाय, निज," ती म्हणाली. "जागा धरून ठिवली हुती."