पान एकसष्टचं शुद्धिपत्र

वाचकांनो, 'नवा कथासंग्रह कधी येतोय' असं विचारून तुम्ही माझं डोकं खाल्लंत. तर आलाय. वर्तकनगरच्या आमच्या घरात गठ्ठे येऊन पडलेत, पलंगावर झोपायला जागा नाही. पण पोस्टात टाकायला अजून थोडे दिवस लागतील. उशिराचं कारण सांगते. माझं मीच छापते, त्यामुळे खापर फोडायला प्रकाशकही नाही.

संग्रहातली शेवटची गोष्ट माझ्या भावाची, राजरत्नची. तीन वर्षांपूर्वी तो दवाखान्यात होता. आमची आई, रमाबाई, त्याच्यासाठी पेज करायला घरी आली आणि डबा घेऊन परत पोहोचली तेव्हा सगळं संपलं होतं. तेव्हापासून आईनं तो गेल्याचं एकदाही तोंडातून काढलं नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, तिनं सगळ्यांना जेवायला वाढलं, त्याच्या फोटोला हार मात्र घालू दिला नाही. कोणी विचारलं तर 'मला दोन मुलं' म्हणते आणि विषय बदलते. मीही कधी टोकलं नाही. टोकून काय मिळणार होतं?

आई कोपरीतल्या एका छापखान्यात प्रूफं तपासायची. लग्नपत्रिकेत नवरीच्या मामाचं नाव चुकलं तरी तिला जेवण गोड लागायचं नाही. माझी पुस्तकंही आम्ही तिच्याच पद्धतीनं तपासतो. ती मूळ प्रत मोठ्यानं वाचते, मी प्रूफावर बोट फिरवते. ही गोष्ट तिच्या हातात द्यावी की नाही, याचा मला घोर लागला होता. पण तिच्या पाठीमागे छापणं लबाडीचं झालं असतं. दिली.

ती नेहमीसारखी वाचत गेली. रिक्षा, पेजेचा डबा, दवाखान्याचा जिना. मग एकदम, "आईने डबा तसाच घरी आणला."

"आई, मधलं एक वाक्य सुटलं."

"काय नाय सुटलं."

"परत वाच ना."

तिनं परत वाचलं. पुन्हा जिन्यावरून थेट घरी. आवाज जराही हलला नाही. मग चष्मा काढून पदरानं पुसत बसली. मला इतकं भरून आलं की चहाच्या निमित्तानं मी उठले. त्याच संध्याकाळी ते वाक्य काढून टाकलं. गोष्ट त्याच्यावरच उभी होती. पडू दे म्हटलं, आईला काही व्हायला नको.

परवा गठ्ठे आले. आईनं पहिली प्रत उचलली आणि खिडकीशी बसून शेवटची गोष्ट वाचायला घेतली, या वेळी मनातल्या मनात. मी भांडी घासत होते.

"पायल, इकडे ये गं." तिचं बोट पान एकसष्टवर होतं. "इथं वाक्य राहिलंय."

माझे हात साबणाचे. "मीच काढलं, आई. तुला त्रास नको म्हणून."

"अगं, मग वाचणाऱ्याला कसं कळणार डबा परत का आणला? त्याला वाटेल, आई पोराला न भरवताच निघून आली."

ती पुस्तकातच बघत होती.

"राजरत्न गेला होता," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा, हळू. आणि पुस्तक छातीशी धरून इतक्या मोठ्यानं रडली की शेजारची योगिनी धावत आली. मी साबणाच्या हातांनीच तिला धरून बसले. मीही रडले. तीन वर्षांत आम्ही दोघी एकत्र रडलो नव्हतो.

डोळे पुसल्यावर म्हणाली, "आता शुद्धिपत्र छाप." मजकूरही तिनंच सांगितला.

'पान ६१. "आईने डबा तसाच घरी आणला" याआधी "राजरत्न गेला होता" असे वाचावे.'

बोटभर रुंदीच्या त्या चिठ्ठ्या आल्यापासून ती गोंदाची बाटली घेऊन बसली आहे. मी मदतीला हात पुढे केला तर चापट मारते. मी एका दिवसात उरकलं असतं, पण ती ऐकत नाही. प्रत्येक चिठ्ठी चिकटवण्याआधी ती मोठ्यानं वाचते, चूक राहायला नको म्हणून. त्यामुळे उशीर होतोय.