कमीत कमी पाच शब्द

माझ्या सख्ख्या बहिणीनं लिहिलं, की तिची नजर चालली आहे. त्याखाली पहिली कमेंट माझी आहे: "वा! मनाला स्पर्शून गेलं. असंच लिहीत राहा!" पुढे लाल बदाम. एक नाही, तीन.

मी ते वाचलं नव्हतं. आमच्या गटात कुणीच काही वाचत नाही.

गट म्हणजे आम्ही तेवीस ब्लॉगवाले. प्रत्येकाचा एक ब्लॉग, आणि तो त्याच्या घरचेसुद्धा वाचत नाहीत. म्हणून आम्ही व्हॉट्सॲपवर एकत्र आलो. नियम साधा. कुणी आपला लेख फेसबुकवर टाकला, की बाकी बाविसांनी तासाभरात जाऊन लाइक द्यायचं, शेअर करायचं आणि कमेंट करायची. कमेंट कमीत कमी पाच शब्दांची, नुसता अंगठा चालत नाही. पाच शब्द दिसले की म्हणे लेख आणखी चार लोकांना दाखवला जातो. ते चार लोक कोण, आणि त्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय, हे कुणी विचारत नाही.

नियम बसवला गटाच्या ॲडमिननं. त्याला मी हेडमास्तर म्हणतो. कुणाची कमेंट राहिली की सगळ्यांसमोर उभं करतो. तीनदा चुकलात की गटाबाहेर. हा गृहस्थ वेळेच्या नियोजनावर लिहितो आणि दिवसभर दुसऱ्यांच्या कमेंटा मोजत बसतो. एक कुंडीवाली आहे, खिडकीतल्या चार कुंड्यांवर तिचे एकशे साठ लेख झालेत. एक प्रवासी आहे, सहा वर्षांपूर्वी एकदा कुठेतरी जाऊन आला, तीच सहल अजून पिळतोय. एक बाई सकारात्मक विचारांवर लिहितात आणि गटात सगळ्यांशी भांडतात. आणि ही सगळी मंडळी सकाळ-संध्याकाळ एकमेकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवतात. खाली उतरायची कुणालाच घाई नाही.

बरं, मी तरी कोण मोठा लागून गेलो? दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत कवळ्या बनवतो. दिवसभर लोकांचे दात घासायचे आणि संध्याकाळी 'मला उमगलेलं' या ब्लॉगवर जगाला शहाणपण शिकवायचं. फोनमध्ये मी अकरा कमेंटा तयार ठेवल्या होत्या. आज पहिली, मग दुसरी, अशा ओळीनं चिकटवत जायच्या, म्हणजे एकाच माणसाला तीच कमेंट लागोपाठ जात नाही. या युक्तीचा मला अभिमान होता, हे सांगताना आता लाज वाटते.

ताईला या गटात मीच ओढलं. एक जण कमी पडत होता, बस्स. तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पँट आखूड कर, कंबर सैल कर, चेन बदलून दे. लोक कपड्यांबरोबर आपली गाऱ्हाणीही घेऊन येतात, आणि ती फोन करून ती मला सांगत बसायची. मला वैताग यायचा. शेवटी मीच तिला ब्लॉग काढून दिला. "मला फोन करत जाऊ नकोस गं, मी कामात असतो. इथं लिही. मी सगळ्यांच्या आधी वाचीन," असं म्हणालो. ती खूश झाली. फोनशी बोलून लिहायला लागली. ती टाइप का करत नाही, हे मी कधी विचारलं नाही. आळशी आहे, असं धरून चाललो.

त्या मंगळवारी माझे हात प्लास्टरनं माखले होते. फोन वाजला. ताईचा लेख, 'सुईत दोरा'. म्हटलं, झालं, आता दोऱ्यावर पुराण. करंगळीनं चार नंबरची कमेंट चिकटवली आणि पुन्हा दाताला लागलो. दहा सेकंदसुद्धा गेली नसतील.

शुक्रवारी हेडमास्तरनं जाहीर केलं, की आठवड्यात सगळ्यात जास्त लोकांपर्यंत पोचलेला लेख ताईचा. माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू? चार वर्षं मी जीवनाचा अर्थ सांगतोय, आणि बाजी मारली सुईदोऱ्यानं!

शनिवारी सकाळी दवाखान्यात शिरलो, तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "दादा, पुढच्या गुरुवारी तुम्ही रजेवर ना? डॉक्टरांना सांगून ठेवू?"

"मी कशाला रजेवर?"

"अहो, ताईंचं ऑपरेशन ना? माझे ड्रेस त्याच करतात, मी त्यांचं सगळं वाचते." मग जरा घुटमळली. "तुमची कमेंट पाहिली मी. म्हटलं, भावाबहिणीचं काहीतरी आपसातलं असेल."

मी मागच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि वाचलं.

उजव्या डोळ्यानं वर्षभरापासून दिसत नाही, ताईनं लिहिलं होतं. आता डाव्याचा पडदा सुटत चाललाय. सुईत दोरा ओवायला गिऱ्हाइकाला सांगावं लागतं, आणि मी ते हसण्यावारी नेते. पुढच्या आठवड्यात गुरुवारी ऑपरेशन आहे. डोळा वाचला तर दुकान राहील, नाहीतर मशीन विकायची. मुलगा लांब असतो, त्याला आत्ताच घाबरवायचं नाही. डॉक्टर म्हणतात, सोबत घरचं माणूस हवं. भावाला फोन करवत नाही, तो कामात असतो. पण तो इथं सगळ्यांच्या आधी वाचतो. वाचलं की येईल.

त्याखाली मी. माझ्याखाली कुंडीवाली: "किती गोड लिहिता हो! दिवस प्रसन्न झाला." प्रवासी: "हा अनुभव प्रत्येकानं एकदा तरी घ्यावा." सकारात्मक बाई: "तुमची ऊर्जा अशीच सगळ्यांना मिळत राहो." हेडमास्तर: "माहितीपूर्ण लेख, वेळेत टाकल्याबद्दल मनापासून अभिनंदन." एकूण बावीस. एकाही नालायकाला दुसऱ्या ओळीपर्यंत जावंसं वाटलं नाही. मला त्यांची इतकी किळस आली, की एकेकाला फोन करून झापावं म्हटलं. पण झापणार कुठल्या तोंडानं? पहिला नंबर माझा होता.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्या दुकानात गेलो. ती कुठल्याशा कोटाचं अस्तर उसवत होती. मान वर, भिंतीकडे, आणि बोटं टाके चाचपत पुढं सरकत होती. हे ती किती दिवस करत होती, देव जाणे. मी महिन्यातून एकदा यायचो, तेही दारातूनच पँट टाकून जायला.

"ताई."

"आलास?" तिनं मान वळवली, पण जरा चुकीच्या बाजूला. "बरं झालं. बस. माझ्या लेखाखाली बावीस कमेंटा आल्यात म्हणे. वाचून दाखव."

"फोनलाच सांग की वाचायला."

"तो मेला सगळं एका सुरात वाचतो. सुतक का लग्न, काही कळत नाही. तू वाच."

मी फोन हातात घेतला. आणि माझी जीभ सुटली. कुंडीवालीच्या नावावर मी वाचलं, "ताई, माझ्या आईचंही असंच झालं होतं. ऑपरेशननंतर ती पुन्हा पेपर वाचायला लागली. घाबरू नका." प्रवाशाच्या नावावर, "दवाखान्यात न्यायला गाडी हवी असेल तर सांगा, मी रिकामाच आहे." सकारात्मक बाईंच्या तोंडी घातलं, की त्या डबा पाठवतील. हेडमास्तरला तर मी अख्खा माणूस करून टाकला. म्हणालो, "तो लिहितो, की कमेंटांचं राहू द्या, आधी डोळ्यांचं बघा." ताई एकेका वाक्याला हं हं करत होती. बोटं अस्तरावर थांबली होती.

"आणि तुझी?"

"माझी..." मी स्क्रीनवरून बोट फिरवलं. "ताई, मी येतोय. गुरुवारी तुझ्याबरोबर मी असणार."

तिनं अस्तराची सुटलेली कड चाचपून सारखी केली. मग म्हणाली, "छान लिहितोस रे. तुझ्या ब्लॉगवर असं का लिहीत नाहीस?"

माझ्या कानशिलात मारली असती तर बरं झालं असतं.

"काल चेन बदलायला एक बाई आल्या होत्या," ती म्हणाली. "त्यांच्याकडून सगळ्या वाचून घेतल्या. तुझी दोनदा वाचायला लावली. म्हटलं, बाई चुकत असतील."

"ताई, मी वाचलंच नव्हतं गं."

"ते आत्ता कळलं. मंगळवारी कळलं असतं तर मी तोंडानं सांगितलं असतं. चार दिवस फोनकडे कान लावून बसले. काल ती कमेंट ऐकून वाटलं, याला यायचं नाहीये, म्हणून मस्करी करून विषय टाळतोय." तिचा आवाज फाटला आणि ती चिडून कोट बाजूला ढकलून उभी राहिली. "तुझ्यापेक्षा ते दोरा ओवून देणारं गिऱ्हाईक बरं!"

मी पाय धरायला वाकलो, तर म्हणाली, "नाटकं नकोत." मशीनचा ड्रॉवर उघडून तिनं एक मोठं पाकीट काढलं आणि अंदाजानं माझ्या दिशेला पुढं धरलं.

"दवाखान्याचे कागद. सात पानं. काय काय होऊ शकतं ते सगळं लिहिलंय, आणि शेवटी घरच्या माणसाची सही. डॉक्टर म्हणाले, घरी नेऊन शांतपणे वाचून घ्या. मला कोण वाचून दाखवणार होतं?"

मी खिशातून पेन काढलं.

"पेन ठेव," ती म्हणाली. आवाजावरून कसं ओळखलं कुणास ठाऊक. "सही गुरुवारी. आज नुसतं वाचायचं. मोठ्यानं. मध्ये काही गाळलंस तर मला कळेल."

मी वाचायला लागलो. पहिलं पान घाईघाईत संपवलं, तर तिनं ते परत वाचायला लावलं. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, की ऑपरेशन करूनही दृष्टी राहील याची खात्री देता येत नाही. तिथं मी अडकलो. ते वाक्य गाळून खालचं घ्यावं असं मनात आलं, आणि माझं गप्प राहणं तिनं ओळखलं.

"वाच," ताई म्हणाली. तिचा हात टेबलावर चाचपत माझ्या मनगटापर्यंत आला आणि तिथं घट्ट बसला.

मी ते वाक्य वाचलं. मग त्याच्या खालचं.